ओल्या पत्र्याचे फोटो

आठवडाभर मी गाड्यांचेच फोटो काढते, फक्त त्या गाड्या ठोकलेल्या असतात. मोटार विम्याची सर्व्हेअर असल्यामुळे वागळे इस्टेटपासून भिवंडीपर्यंतच्या गॅरेजांत माझं नाव कुणाला माहीत नाही, ‘सर्व्हेअर मॅडम’ म्हटलं की कळतं. चेपलेलं दार, फुटलेला हेडलाइट, चासी नंबर, नंबरप्लेट दिसेल असा समोरून एक, मागून एक, चारही कोपऱ्यांतून एकेक. या फोटोंना कोणी छान म्हणत नाही. नुकसान नीट दिसलं पाहिजे, एवढंच त्यांचं काम.

त्यामुळे रविवारी जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला मी कॅमेरा घेऊन निघते तेव्हा घरात हसतात. “सुट्टीच्या दिवशीही गाड्याच?” गाड्याच. पण तिथे मालक खुशीत असतो आणि ‘मॅडम, क्लेम कधी पास होणार’ असं विचारत नाही.

दसऱ्यानंतरच्या रविवारी घोडबंदर रोडच्या एका मैदानावर असं प्रदर्शन भरलं होतं. दसरा झाला की पाऊस संपला असं आपण धरून चालतो. हवामान खात्याच्या हिशेबात मात्र मुंबईतून मोसमी पाऊस परत फिरण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. दसरा लवकर आला की पावसाची आणि त्याची गाठ पडायचीच. मी पोचले तेव्हा चक्क ऊन होतं, मालकलोक फडकी घेऊन बॉनेट चमकवत होते. मग येऊरच्या डोंगरावर काळं जमायला लागलं. या बाजूला राहणाऱ्यांना सांगायला नको, डोंगर दिसेनासा झाला की वाळत घातलेले कपडे आत घ्यायचे.

सर आली तशी कॅमेरेवाली मंडळी वडापावच्या स्टॉलखाली गोळा झाली. लेन्सच्या किमती ऐकल्या तर त्यांचंही चुकत नव्हतं. मी मात्र गाड्यांमध्येच थांबले, कारण माझ्या मते जुन्या गाडीचा फोटो काढायची वेळ तेव्हा कुठे सुरू झाली होती.

हे माझ्या धंद्यातून आलेलं मत आहे. गॅरेजमध्ये डेंटरला काम करताना कधी नीट बघितलंत तर एक गोष्ट लक्षात येईल. ठोकून, घासून, पुट्टी लावून पत्रा सरळ झालाय असं वाटलं की तो त्यावर ओलं फडकं फिरवतो आणि डोळा पत्र्याच्या पातळीत आणून तिरका बघतो. कोरडा, घासलेला पत्रा मंद असतो, त्यात चढउतार लपतात. ओला झाला की तो चमकतो, त्यात वरच्या ट्यूबलाइटची रेघ दिसते, आणि ती रेघ जिथे वाकडी होते तिथे पत्रा अजून वाकडा. मीसुद्धा सर्व्हेला गेले की गाडी आधी कधी ठोकली होती का हे असंच बघते. पाऊस हेच काम अख्ख्या गाडीवर एकदम करतो, तेही फुकट. मैदानातले दिव्याचे खांब, मंडपाचे बांबू, पलीकडचा टॉवर, सगळ्यांच्या रेघा मडगार्डांवरून वाहत जातात. त्या रेघांमुळेच चपट्या फोटोत मडगार्डाची गोलाई कळते.

उन्हात हे होत नाही. दुपारच्या उन्हात क्रोमच्या बंपरवर एक पांढरा जाळ उठतो, त्याच्या शेजारची सावली काळी ठिक्कर, आणि मध्ये जे काही असतं ते गायब. ढगाळ आकाशात उजेड सगळीकडून येतो. काळी गाडी काळी दिसते, पण तिच्यावरच्या कडाही दिसतात.

आता पोलरायझरबद्दल, म्हणजे लेन्सवर बसवून फिरवायच्या फिल्टरबद्दल. ओल्या गाड्या म्हटलं की ‘पोलरायझर लावा, चकाकी जाते’ असा सल्ला हमखास मिळतो. चकाकी जाते हे खरं. पृष्ठभागाच्या लंबापासून साधारण ५५ अंशांच्या आसपासच्या कोनातून बघितलं तर काचेवरची आणि ओल्या रंगावरची चकाकी तो बऱ्यापैकी खातो. पण चकाकी गेली की वर सांगितलेल्या रेघाही जातात आणि गाडी मातीच्या खेळण्यासारखी निर्जीव दिसते. शिवाय तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), आणि पावसात उजेडाची आधीच मारामार. क्रोमवर तर त्याचा काही उपयोगच नाही, कारण उघड्या धातूवरून परत येणारा उजेड काचेवरच्यासारखा ध्रुवीभूत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, होत नाही आणि पोलरायझर अडवतो तो तसाच उजेड. त्यामुळे मी तो एकाच कामाला काढते: पुढच्या काचेवर आभाळ पांढरं पडलं असेल आणि आतलं स्टेअरिंग दाखवायचं असेल तेव्हा. काम झालं की परत खिशात.

रेनकोटचा रंग ही त्याहून महत्त्वाची गोष्ट. बंपर, हबकॅप, हेडलाइटची कडी, सगळे फुगीर आरसे. समोर जे उभं असेल ते त्यात बसतं. पिवळा रेनकोट घातलेला माणूस फोटो काढायला वाकला की हबकॅपच्या मधोमध पिवळा ठिपका. मी काळपट करड्या रंगाचा घालते. छत्रीही काळी, ताकीद देऊन सोबत आणलेल्या भाच्याच्या हातात. तो कॉलेजात आहे, छत्री धरण्याच्या बदल्यात त्याला मिसळ कबूल केलेली असते. कॅमेऱ्याला हॉटेलातली बाथरूमची टोपी, लेन्सला लांब हूड, गळ्यात सुती पंचा. लेन्स बदलायची नाही. ३५ मिमीची एकच लावून गेले होते, जवळचं हवं असेल तर पायाने जवळ जायचं.

मैदानात शिरल्याबरोबर शेवरले होती, फ्लीटमास्टर. १९४६ ते ४८ या काळातली ही गाडी, दोन तुकड्यांची पुढची काच, फुगलेले मडगार्ड, मागे उतरत जाणारा टप. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये आपल्या शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता, तो १९५४ पर्यंत चालला. त्यामुळे मुंबईच्या आसपास जुन्या शेवरले निघतात यात नवल नाही. या गाडीचे वायपर विजेवर चालत नाहीत, इंजिनाच्या ओढीवर चालतात. इंजिन हवा आत ओढतं, त्या पोकळीचा जोर नळीतून वायपरला. गंमत अशी की अॅक्सिलरेटर दाबला की ती पोकळी कमी होते. म्हणजे गाडी चढाला लागली, जोर लावला, की वायपर सुस्तावतात, कधी मध्येच उभे राहतात. पाय काढला की फडाफड सुटतात. मालकांच्या मुलाने मला हे करून दाखवलं. उभ्या गाडीत त्याने अॅक्सिलरेटर झटकन दाबला आणि काचेवरचा वायपर अर्ध्यात लटकला. तेवढ्यात मी फोटो घेतला: एका काचेवर पुसलेला पंखा, दुसऱ्यावर थेंबांची चाळण, आणि मध्ये अडकलेली पट्टी. शटर १/१२५ सेकंदावर ठेवलं होतं म्हणून पावसाच्या रेघाही आल्या. १/१००० ला थेंब हवेतच गोठतात आणि फोटोत धूळ बसल्यासारखे दिसतात. रेघ हवी तर सावकाश शटर आणि मागे काहीतरी गडद. माझ्या मागे अख्खा येऊर होता. फ्लॅश मात्र उडवायचा नाही, जवळचे थेंब पांढरे गोळे होऊन सगळा फोटो नासवतात.

शेवरलेच्या रंगावर थेंब गोल, टपोरे, उभे राहिलेले. म्हणजे मेणाचं पॉलिश ताजं. शेजारच्या जीपवर पाणी थेंब न होता पातळ पसरत होतं, तिथे पॉलिशचा पत्ता नव्हता. थेंब बघून गाडीच्या मालकाचा गेला महिना कळतो. एका दारावर थेंब टपोरे आणि लगतच्या मडगार्डावर पसरट असं दिसलं तर मी थांबते, कारण बहुतेक वेळा त्यातलं एक नव्याने रंगवलेलं असतं. जुन्या पेंटरांच्या तोंडी अजून ‘ड्युको’ असतो, तो नायट्रोसेल्युलोजचा रंग, थरावर थर देऊन हाताने घासून चमकवायचा. हल्ली हार्डनर घातलेला टू-के मारतात. तो टिकतो जास्त, कबूल, पण त्याची चमक जाड असते. ड्युकोची चमक आतून येते. हे फोटोत दाखवणं जमतं का? ओला असताना थोडंफार जमतं. कोरड्या फोटोत दोन्ही सारखेच.

पाऊस वाढला तसं आयोजकांच्या पोरांनी ताडपत्र्या काढल्या. निळ्या, अर्थातच. पावसाळ्यात विमानातून मुंबई-ठाणं ज्या रंगाचं दिसतं त्या. एका पांढऱ्या अॅम्बेसेडरवर त्यांनी चार बांबूंवर ती ताडपत्री ताणली आणि गाडी क्षणात निळी झाली. टप निळा, बॉनेट निळं, त्यावरचा दसऱ्याचा झेंडूचा हार मातकट. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरं दिसावं म्हणून रंगाची छटा जुळवणारी सोय, बदलून हे सुटत नाही, कारण वरून येणारा उजेड निळा आणि बाजूने येणारा ढगाळ पांढरा. वरचं दुरुस्त केलं की बाजू पिवळी पडते. अशा वेळी मी ताडपत्रीखालचा भाग सोडून देते. खाली बसून फक्त चाक, दाराची खालची कड आणि पुढचा बंपर घेतला. तिथे बाजूचा उजेड पोचत होता. वर निळसर छटा राहिली ती राहू दिली. ठाण्यात पावसाळी प्रदर्शन आणि निळी ताडपत्री नाही, असं कसं होईल?

पांढऱ्या गाडीला उजेडाच्या बाबतीत आणखी एक त्रास. कॅमेऱ्याला सगळं जग मध्यम करडं वाटतं. पांढरी गाडी चौकटभर आली की तो फोटो काळपट करतो, काळी आली की फिकट. पांढऱ्याला एक स्टॉप वाढवायचा, काळीला एक कमी करायचा, आणि मग कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा उजेडाचा आलेख बघून ठरवायचं. ओल्या काळ्या गाडीला मी आणखी थोडा कमी करते, नाहीतर तिच्यावरचं आभाळ जळतं.

अॅम्बेसेडरवाले काका सत्तरीच्या पुढचे. काकू गाडीत मागच्या सीटवर, मांडीवर डबा, काच दोन बोटं खाली. “अहो, या आत, भिजताय कशाला,” म्हणाल्या. मी आत बसले नाही, पण त्या दोन बोटांच्या फटीतून त्यांचा फोटो मागितला. काचेवर थेंब होते. प्रत्येक थेंब छोटी लेन्स असतो, त्यात मागचं दृश्य उलटं दिसतं. जवळून बघितलं तर त्या काचेवर शेकडो उलटी मैदानं, खाली आभाळ आणि वर गाड्या. थेंबांवर फोकस केला तर काकू धूसर, काकूंवर केला तर थेंब नुसते ठिपके. दोन्ही घेतले. काकूंना दुसरा आवडला, मला पहिला.

काका अॅम्बेसेडरच्या बाबतीत अभिमानी. मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्रीवरून आलेली, उत्तरपाड्याला बनलेली आणि २०१४ पर्यंत बनत राहिलेली गाडी, याच्यावर त्यांचं छोटं भाषण तयार होतं. ते ऐकताना मी दाराची खालची कड बघत होते. तिथे रंगाखाली चण्याच्या डाळीएवढे फोड आले होते. पुढच्या दाराला कमी, मागच्याला जास्त. काहीच बोलले नाही, फोटो घेतला. सवय.

‘विंटेज’ या पाटीखाली काय काय येतं, हा माझा कामाचाच विषय. मोटार विम्याच्या जुन्या टॅरिफप्रमाणे, म्हणजे दर-नियमांच्या पुस्तिकेप्रमाणे, ३१ डिसेंबर १९४० च्या आधी बनलेली आणि विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने तसा दाखला दिलेली गाडी म्हणजे विंटेज. २०२१ मध्ये केंद्राच्या मोटार वाहन नियमांत बदल झाला, आणि नोंदणीच्या दृष्टीने पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी विंटेज ठरते. नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं. रोज ऑफिसला घेऊन जायची परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. म्हणजे १९७४ ची प्रीमियर पद्मिनीसुद्धा आता त्या वयाची झाली. ज्या गाडीत आपण पाच मोठी माणसं आणि मांडीवर दोन पोरं बसून मामाच्या गावाला गेलो, तिला विंटेज म्हणायचं हे माझ्या भाच्याला सहज जमतं. मला अजून जड जातं.

मैदानातल्या खऱ्या १९४० च्या आधीच्या गाड्यांपैकी मला भावली ती ऑस्टिन सेव्हन. १९२२ पासून १९३९ पर्यंत इंग्लंडमध्ये बनलेली, ७४७ सीसीची, कॅनव्हासच्या हुडाची चिमुकली. तिचा मालक तरुण होता आणि त्याने सर आल्याबरोबर हूड ओढायला घेतला. दोन माणसांचं काम, तो एकटा. एक काठी बसवली की दुसरी सुटायची. मी कॅमेरा भाच्याकडे देऊन मदतीला जायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. भाचा गेला. मी फोटो काढले. त्या पूर्ण दिवसातले ते सगळ्यात जिवंत फोटो आहेत. कॅनव्हासचा ओला फुगा, दोन ओढणारे हात, आणि मध्ये मालकाचा दातात धरलेला पट्टा.

स्टँडर्ड हेराल्डचं दुःख वेगळं. इटलीच्या मिकेलोत्तीने रेखाटलेली, मद्रासला बनलेली ही गाडी. तिचं बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटतं, म्हणजे उघडलं की अख्खं इंजिन, पुढची चाकं, सगळं मोकळ्या आभाळाखाली. दुरुस्तीला याच्याइतकी सोयीची गाडी नाही. पण प्रदर्शनात सगळे “बॉनेट उघडा ना” म्हणत होते आणि मालक आभाळाकडे बघत मान हलवत होते. मी विचारलंच नाही. बंद बॉनेटच्या कडेला जी फट असते तिच्यावर थेंबांची ओळ लागली होती, ती घेतली.

जीपा आणि स्कूटरी मी भरभर उरकल्या. लँब्रेटा पावसात चांगलीच दिसते, पण तिच्याभोवती सेल्फीवाल्यांची इतकी गर्दी की हँडलच्या पलीकडे काही मिळेना. डबक्यातली प्रतिबिंबंही मी आता सोडून दिली आहेत. फोन उलटा करून लेन्स पाण्याला टेकवली की कुणालाही तसा फोटो मिळतो. पेव्हर ब्लॉकवरच्या डबक्यात तर ब्लॉकच्या रेघा गाडीपेक्षा जास्त दिसतात.

आता फियाट. दोन होत्या. एक ‘डुक्कर फियाट’, पन्नाशीच्या दशकातली ११००, फुगीर नाकाची. तिची पुढची दारं मागच्या बाजूला बिजागऱ्या लावलेली, म्हणजे उलटी उघडणारी. साडी नेसलेल्या बाईला त्या दारातून उतरणं सोपं, असं एक आजोबा मला समजावत होते. असेल. दुसरी पद्मिनी, फिकट निळी, एमएचच्या आधीच्या काळातली पाटी असलेली. कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यात जन्मलेली ही गाडी, १०८९ सीसी, स्टेअरिंगजवळचा गिअर. मुंबईतल्या काळ्यापिवळ्या पद्मिनींपैकी शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली. खासगी पद्मिनी मात्र ठाण्यात अजून दिसतात.

पद्मिनीबरोबर मालक नव्हते, त्यांचे मिस्त्री होते. आम्ही एकमेकांना बघितलं आणि हसलो. वागळे इस्टेटमधलं त्यांचं गॅरेज, तिथे मी बऱ्याचदा जाते आणि आमचं पुट्टीच्या बिलावरून दर वेळी वाजतं.

“मॅडम, आज क्लेम नाही ना?”

“आज सुट्टी. गाडी सुरू होते का?”

“होते की. पण पावसात बंद करायची नाही, एवढंच पथ्य.”

नेमकी ती बंद केलेली होती. आयोजकांनी गाड्यांची फेरी काढायची ठरवली, मिस्त्रींनी चोक ओढला, सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पेटलं नाही. पुन्हा. नाही. लोक जमायला लागले. जुन्या गाडीत बॅटरीच्या बारा व्होल्टचे कॉइलमधून हजारो व्होल्ट होतात आणि डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून एकेका प्लगला जातात. टोपीत ओल शिरली की करंट प्लगपर्यंत न जाता ओल्या भिंतीवरूनच पळ काढतो. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. भाच्याने आपण होऊन छत्री माझ्यावरून काढून इंजिनावर धरली. मिस्त्रींनी क्लिप सरकवून टोपी काढली, खिशातल्या कोरड्या रुमालाने आतून पुसली, तोंडाने फुंकर मारली, वायरी एकेक करून पुसल्या, टोपी बसवली. मग कुठून तरी दुधाची धुतलेली पिशवी काढून तिच्यावर बांधली.

या सगळ्यात मी भिजले, आणि मला हवे होते ते फोटो मिळाले. टोपीच्या आतल्या पितळी टोकांचा एक, अगदी जवळून. मिस्त्रींच्या गालांचा, फुंकर मारतानाचा. बॉनेटच्या कडेवरून त्यांच्या मानेवर पडणाऱ्या धारेचा. चमकत्या बंपरांसमोर उभं राहून काढलेल्या फोटोंत हे कधी येत नाही. गाडी ऊन असताना दागिना असते, मालक दोन पावलं लांब उभा राहून तिच्याकडे बघतो. पाऊस आला की तिला हात लागतात.

तिसऱ्या सेल्फला पद्मिनी सुरू झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींनी गाडी हलवली पण ब्रेकवर पाय हलका टेकवून. चारी चाकांना ड्रम, त्यात पाणी गेलं की पहिला ब्रेक लागत नाही. पाय टेकवून थोडं घासत नेलं की सुकतात. हे मला कामामुळे माहीत आहे. पावसात ‘ब्रेक मारला पण लागलाच नाही’ असं लिहून दिलेले कितीतरी फॉर्म मी वाचलेत, त्यातले काही खरेही असतात.

बाजूला उभ्या एका बाईंनी विचारलं, पाण्यात बंद पडलेली गाडी अशीच सेल्फ मारून सुरू करायची का? मी जरा जोरातच नाही म्हणाले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर आम्ही सर्व्हेअर लोकांनी पाण्यात बुडालेल्या गाड्या बघत आठवडेच्या आठवडे काढले. सीटवर चिखलाची आडवी रेघ, त्यावरून पाण्याची उंची मोजायची. त्यात सगळ्यात वाईट हाल झाले ते पाणी ओसरल्यावर घाईने सेल्फ मारलेल्या गाड्यांचे. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो, अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. टोपी ओली होणं आणि इंजिनात पाणी जाणं या दोन वेगळ्या गोष्टी. पहिलीला रुमाल, दुसरीला टोइंग. बाईंनी मान डोलावली आणि त्यांच्या यजमानांकडे असं काही बघितलं की त्यांच्या घरी हा प्रसंग होऊन गेला असावा.

फेरी निघाली तेव्हा पाऊस बारीक झाला होता. हारातल्या झेंडूच्या पाकळ्या बॉनेटवर चिकटल्या होत्या, आपट्याची पानं वायपरखाली. पांढऱ्या रंगावर ओला झेंडू बसला की पिवळा डाग सोडतो म्हणून काका चालत्या गाडीतून हात बाहेर काढून पाकळ्या उडवायचा प्रयत्न करत होते. काकू त्यांना ओरडत होत्या. शेवरलेचे वायपर मनाला येईल तसे हलत होते. ऑस्टिनचा हूड चढला होता, पण एका बाजूला, त्यामुळे तो तरुण तिरका बसला होता.

घरी आल्यावरचं काम कंटाळवाणं पण सांगते, कारण ते न करणाऱ्यांच्या लेन्स बुरशीने गेलेल्या मी बघितल्यात. कॅमेरा थेट एसीच्या गाडीत उघडायचा नाही आणि एसीतून एकदम बाहेरही काढायचा नाही, काचेवर दव जमतं. आधी पंचाने बाहेरून टिपायचा, मग पंख्याखाली तासभर. हूड काढून आतलं पाणी पुसायचं. बॅटरी आणि कार्ड बाहेर. मग सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या हवाबंद डब्यात. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ऐंशीच्या वर सहज जाते, बुरशीला तेवढं पुरतं. तांदळात कॅमेरा ठेवू नका. तांदळाचा भुसा लेन्सच्या कडीत बसतो आणि नंतरचा भातही बेचव लागतो.

अॅम्बेसेडरच्या काकांना मी त्यांच्या गाडीचे सगळे फोटो पाठवले, दाराच्या कडेचाही. त्यांचा फोन आला. “तो फोड आलेला पाठवायची काय गरज होती?” मग मी सर्व्हेअर असल्याचं सांगितलं. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला छोटी भोकं ठेवलेली असतात. काच वर-खाली होते त्या फटीतून आत गेलेलं पाणी तिथून गळून जातं. ती भोकं धुळीने, रंगाने बुजली की पाणी दारातच साठतं आणि पत्रा आतून सडतो. बाहेर फोड दिसतो तेव्हा आत बरंच काम झालेलं असतं. आमच्या नियमात गंजाला भरपाई नाही. भरपाईतून जुनेपणापोटी कापतात तो घसारा काचेला शून्य, रबराला ५० टक्के; गंजाला मात्र भरपाईच नाही, कारण तो अपघात नव्हे.

मी त्यांना वागळे इस्टेटच्या मिस्त्रींचा पत्ता दिला. परवा काकांनी व्हिडिओ पाठवला. मिस्त्री जमिनीवर बसून मागच्या दाराच्या भोकात तार घालताहेत, आणि त्या रविवारचं तांबडं पाणी पिचकारीसारखं त्यांच्या पँटवर उडतंय. मागे काकूंचा आवाज: “बघा, मी म्हणत होते दारात काहीतरी खळखळतंय.” पुट्टीच्या बिलावर मिस्त्री आता काकांशी काय भांडतात ते बघायला मी शनिवारी गॅरेजवर जाणार आहे. कॅमेरा नेते.